सात गोल डाग

आमची सुईण मेक याम बाळाला तेल लावायला येते तेव्हा बोलायचं काम तीच करते. मी नुसती बघत बसते. हवा, माझी मुलगी, आता पाच महिन्यांची झाली, आणि पाच महिने मी हेच करते आहे: तिची छाती वर-खाली होते का ते बघायचं, तेलाचा वास तिच्या नाकाला झोंबत नाही ना ते बघायचं, मेक यामच्या अंगठ्याचं नख वाढलंय का तेही बघायचं.

"कालच कापलंय नख," मान वर न करता मेक याम म्हणाली. "तुझे डोळेच जास्त टोचतात गं पोरी."

मंगळवारची सकाळ होती. टेबलावर माझा लॅपटॉप उघडा होता आणि त्यावर गुरुवारच्या बैठकीचे तक्ते. पाच इस्पितळांत सिझर झालेल्या बायकांवर एका नव्या इंजेक्शनची चाचणी चालू होती. ते दोन्ही कुशींत द्यायचं. पोट तीन दिवस बधिर राहतं, दुखत नाही, बाईला उठता-बसता येतं, बाळाला पाजता येतं. निम्म्या बायकांना हे नवं औषध, निम्म्यांना नेहमीचं. कोणाला कोणतं मिळालं हे ना बाईला ठाऊक, ना तिच्या डॉक्टरला. अशा चाचणीवर तिघांची एक देखरेख समिती असते. दर तीन महिन्यांनी ती आकडे बघते आणि ठरवते, पुढे जायचं, काही बदलायचं की थांबायचं. त्या तिघांतली आकडेवाली मी. 'अ' गटात काय झालं आणि 'ब' गटात काय झालं, हे आधी माझ्या डोळ्यांखालून जातं. 'अ' म्हणजे कोणतं औषध, हे मात्र बंद पाकिटात असतं आणि समितीने ठरवल्याशिवाय ते फुटत नाही. यातलं एक अक्षर बाहेर बोलायचं नाही. नवऱ्यालाही मी ताकास तूर लागू देत नाही.

"हल्लीच्या बायका धीराच्या झाल्यात हो," मेक याम सांगत होती. हवेचे पाय ती सायकल चालवल्यासारखे फिरवत होती. "गेल्या आठवड्यातली ती पासिर मासची. ऑपरेशनवाली. कुशीला गोटा लावला तर हूं नाही की चूं नाही. मी विचारलं, गरम लागतंय का गं? म्हणाली, कुठे, काहीच नाही, अजून ठेव. मी ठेवला. पुन्हा म्हणाली, अजून ठेव! आणि तू! तुला फडक्यातून नुसता दाखवला तर शेजारीण दार उघडून बघायला आली, खून पडला म्हणून."

यात काही खोटं नव्हतं. चव्वेचाळीस दिवसांच्या बाळंतपणात मी रोज ओरडले. नदीतला गुळगुळीत गोटा निखाऱ्यावर तापवायचा, बारतोंडीच्या पानांत आणि मग फडक्यात गुंडाळायचा आणि बाळंतिणीच्या कुशी, कंबर, मांड्या शेकायच्या. ऑपरेशन झालेलं असेल तर टाक्यांना हात लावायचा नाही, कुशी मात्र पाचव्या दिवसापासून घ्यायच्या. मेक याम गोटा आधी आपल्या मनगटाला टेकवते, पण चाळीस वर्षं निखाऱ्याजवळ बसून तिचं मनगट चामड्यासारखं झालंय. खरं माप बाळंतिणीचं. ती 'स्स' म्हणाली की गोटा उचलायचा, पुढे सरकवायचा.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. दुसऱ्या दिवशी फोड. हा एवढा, गोल." तिने मूठ दाखवली. "पोरगी घाबरली, गेली इस्पितळात. पण माझं नाव घेतलंन नाही हो! सांगितलंन, पट्टीने झालं. शहाणी पोर. नाहीतर त्या नर्सबाईने माझ्या नावाने शंख केला असता."

मी उठले आणि टेबलापाशी गेले. तिने सांगितलेली बाई आमच्या चाचणीतली आहे की नाही हे मला माहीत नव्हतं, आणि शोधायचंही नव्हतं. नाव विचारायचं नाही, हे माझ्या कामाने मला पहिल्या दिवशी शिकवलं. मी फक्त त्रासांचा तक्ता वर सरकवला. त्यात प्रत्येक त्रासाची एक ओळ असते. 'पट्टीची ॲलर्जी': अ मध्ये तीन, ब मध्ये एक. सात ओळींनी खाली 'त्वचेला लाली': अ मध्ये दोन, ब मध्ये शून्य. आणखी खाली 'फोड': एक, शून्य. अगदी तळाला 'जखमेजवळ संसर्गाची शंका': एक, शून्य. आदल्या दिवशी या चारही ओळींवरून माझी नजर गेली होती आणि कुठेच अडकली नव्हती. चारशे बारा बायकांत एखादीला लाली येणारच.

आता मी नर्सबायकांचे शेरे उघडले. औषधाचं नाव त्यांत नसतं, पण बाई काय म्हणाली आणि नर्सने काय पाहिलं ते असतं. अलोर स्तारच्या नर्सने लिहिलं होतं, 'उजव्या कुशीला, गोल, सुमारे नऊ सेंटिमीटर.' तेरेंगानूची म्हणत होती, 'डावी कूस, वाटोळा डाग, कडा स्पष्ट.' पट्टी असते मध्ये, टाक्यांवर, आणि ती असते लांबट चौकोनी. पट्टीची ॲलर्जी गोल कशी होईल? आणि टाक्यांपासून वीतभर लांब कुशीवर कशी जाईल?

चार ओळी मिळून, अ मध्ये सात, ब मध्ये एक.

"काय गं, चेहरा का उतरला?" मेक याम म्हणाली. "पोरगी तर इथे हसतेय."

"मेक याम," मी म्हटलं, "ऑपरेशनवाल्या बाईला दहा दिवस गोटा लावू नकोस."

"का?"

"ते सांगता येत नाही."

"डॉक्टरीण कधी झालीस?"

"झाले नाही. तरी लावू नकोस."

तिने हवेला दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. "आकडे मोजून मोजून तुझं डोकं गरम झालंय," ती म्हणाली. "पण ठीक आहे. तू म्हणतेस तर दहा दिवस." मग दारातून वळून म्हणाली, "तिखट खाऊ नकोस. बाळाला बाधतं."

एरवी मी घाबरट आहे. हवेला शिंक आली तरी मी तीन पुस्तकं उघडते. पण आकड्यांपुढे बसले की माझी भीती जाते. सिझर झाल्यावर चौथ्या दिवशी घरी गेलेल्या एकोणीस बायका त्या क्षणी पाच इस्पितळांच्या गावांत आपापल्या अंथरुणावर होत्या, आणि त्यांतल्या निम्म्यांच्या कुशी, सांगितलेले तीन दिवस उलटले तरी, अजून बधिर असाव्यात. निखारे कुठेतरी पेटत असणारच. गुरुवारी समितीने हे पुढच्या तिमाहीवर टाकलं तर आणखी शंभर-सव्वाशे बायका तशाच घरी जाणार होत्या. टाकू द्यायचं नाही, एवढं मी ठरवलं.

बैठक एरवी पेनांगला होते. या वेळी मी बाळ सोडून येणार नाही म्हटल्यावर समितीचे अध्यक्षच म्हणाले, "मग आम्ही येतो कोता भारूला. तिथला निळा भात खाल्ल्याला मला दोन वर्षं झाली." हे अध्यक्ष, प्रोफेसर सेल्वनाथन, भूलतज्ज्ञ होते, आता निवृत्त. तिसऱ्या डॉक्टर क्वाह, बाळंतपणाच्या डॉक्टर. तीस वर्षांत त्यांनी जेवढी बाळं हातावर घेतली तेवढी माणसं आमच्या गल्लीत नसतील. गुरुवारी सकाळी विद्यापीठाच्या एका खोलीत आम्ही बसलो. शेजारच्या खोलीत फदली, माझा नवरा, हवेला घेऊन फेऱ्या मारत होता. त्याच्या पायांचा आवाज यायचा थांबला की माझा कान तिकडे जायचा.

पहिला तासभर कंपनीची माणसं होती. त्यांनी एकूण आकडे दाखवले, गट न सांगता. मग नेहमीप्रमाणे आम्ही त्यांना खोलीबाहेर पाठवलं आणि दार लावलं.

मी आधी वेदनेचा तक्ता ठेवला. दहापैकी किती दुखतं, असं बाईला विचारतात. दुसऱ्या दिवशी अ गटाचं उत्तर सरासरी दोन, ब गटाचं पाच.

"वा!" प्रोफेसर म्हणाले. "पाकीट न फोडताच कळलं की कोण कोण आहे. तीस वर्षं असलं औषध शोधतोय आम्ही. चला, पुढे जाऊ द्या म्हणून लिहा, आणि जेवायला."

"सर, अजून एक पान आहे."

मी चार ओळींचं पान ठेवलं. एकत्र करून. सात आणि एक.

प्रोफेसरांनी चष्मा कपाळावर घेतला. "हे तू जोडलंस?"

"हो."

"बघितल्यावर जोडलंस?"

"हो."

"सुराया, बाळ, तूच आम्हाला गेल्या वर्षी शिकवलंस, पतंग कटल्यावर 'मला हाच कापायचा होता' असं म्हणायचं नाही. चाळीस ओळींतल्या कुठल्याही चार उचलून जोडल्या तर काहीतरी निघतंच." त्यांनी कागदावर बोट ठेवलं. "बरं, जोडलेलंही धरू. नुसत्या योगायोगाने असं किती वेळा होईल?"

"शंभरात सात वेळा."

"आणि आपला लिहिलेला नियम? थांबायचं कधी?"

"शंभरात एक वेळा होणारं असेल तर."

"मग?"

"मग नियमाने आपण थांबत नाही," मी म्हटलं. "पण नियम कागदावर लिहिला तेव्हा आपल्याला नदीतला गोटा ठाऊक नव्हता."

मी सांगितलं. मेक यामचं नाव न घेता, पासिर मासचं नाव न घेता. बधिर कूस, तापलेला गोटा, आणि माप म्हणून बाळंतिणीचा 'स्स'. तो 'स्स' आपण इंजेक्शन देऊन काढून घेतला, असं म्हटलं.

डॉक्टर क्वाह शांतपणे ऐकत होत्या. त्यांच्यासमोरच्या बशीत आकोक, इथले अंड्याचे गोड केक, तसेच होते. "सुराया," त्या म्हणाल्या, "तुझं डोकं चांगलं आहे, पण एक सांगू? माझ्या बायका हे करत नाहीत. मी प्रत्येकीला विचारते, घरी गेल्यावर शेक घेणार का? सगळ्या नाही म्हणतात. त्या नाही म्हणाल्या की मी समजावून सांगते की बरं केलंत."

"माझ्या डॉक्टरीणबाईंनीही विचारलं होतं."

"मग?"

"मी नाही म्हणाले."

"म्हणजे घेतला नाहीस."

"चाळीस दिवस घेतला."

"तू? पीएचडी केलेली बाई? डॉक्टरांशी खोटं बोललीस?"

"तुम्ही सगळ्या हातात पेन घेऊन विचारता ना, डॉक्टर. पेन बघितलं की आम्ही नाही म्हणतो. घरी आई, सासू, सुईण तिघी बसलेल्या असतात. तुम्ही रागावून पुढच्या तपासणीपर्यंत विसरता. त्या चव्वेचाळीस दिवस तिथेच असतात."

प्रोफेसर मोठ्याने हसले. डॉक्टर क्वाह हसल्या नाहीत. त्यांनी बशी बाजूला सरकवली. "एक हजार बायकांना तरी विचारलं असेल मी," त्या पुटपुटल्या. "एक हजार."

"पण हे तरी अजून एका सुईणीची गोष्ट आणि सात डाग," प्रोफेसर म्हणाले. "शितावरून भाताची परीक्षा रांधणाऱ्याने करावी. आपण नाही."

हा प्रश्न येणार हे मला मंगळवारीच ठाऊक होतं आणि मी त्याची सोय करून ठेवली होती. "सर, एक रकाना मी अजून उघडलेला नाही," मी म्हटलं. "बाई कोणत्या समाजाची आणि त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, ते त्यात आहे. मी काय सापडेल ते आधी लिहिते. तुम्ही सही करा. मग तुम्हीच उघडा."

"हे मला आवडलं," प्रोफेसर म्हणाले आणि खुर्ची पुढे ओढली.

मी कोऱ्या कागदावर लिहिलं. गोटा लावतात ते आम्ही मलय. चिनी बाळंतीण आल्याचं जेवण आणि वाइन यांवर राहते, गोट्यावर नाही. आपल्या चाचणीत दर पाचांत तीन बायका मलय आहेत. माझं चुकत असेल तर सातांत चार-पाच मलय निघतील. बरोबर असेल तर साती. आणि साती जणींचा त्रास घरी गेल्यावरचा असेल, पाचव्या दिवसापासून पुढचा. इस्पितळातला एकही नाही. प्रोफेसरांनी खाली सही केली, तारीख घातली, वेळही घातली. मग लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि एक-एक ओळ मोठ्याने वाचली.

"मलय. सहावा दिवस. मलय. पाचवा. मलय, सातवा. मलय, सहावा." ते थांबले. शेजारच्या खोलीतल्या फेऱ्याही थांबल्या होत्या. बाळ झोपलं असावं, मी स्वतःला सांगितलं, आणि उठले नाही. "मलय, आठवा. मलय, पाचवा. मलय, सहावा."

"आणि ब मधली एक?" डॉक्टर क्वाहनी विचारलं.

"चिनी. दुसरा दिवस. इस्पितळातच. टाक्यांवर."

"ती खरोखर पट्टीची," डॉक्टर क्वाह म्हणाल्या.

"नुसत्या योगायोगाने साती मलय निघण्याची शक्यता किती?" प्रोफेसरांनी विचारलं, पण उत्तर त्यांनी मनात केलेलं होतं.

"शंभरात तिनांहून कमी. आणि हे आधी लिहिलेलं आहे."

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर आणला. "कंपनीला काय सांगायचं? एवढं चांगलं औषध, आणि गोट्यामुळे थांबा म्हणून?"

"औषध चांगलंच आहे, सर. मला ते बंद करायचं नाही. मला पुढच्या दोन आठवड्यांत नवी बाई त्यात नको, आणि आज घरी असलेल्या एकोणीस जणींना आजच फोन हवा. दोन्ही गटांतल्या सगळ्यांना, म्हणजे कोण कोणत्या गटात ते कोणालाच कळणार नाही. आणखी एक. मंगळवारी मी एका सुईणीला सांगितलं की दहा दिवस गोटा लावू नकोस. का ते सांगितलं नाही. तेही नोंदवून घ्या."

मग प्रोफेसर म्हणाले, "नोंदवतो. सांगायला नको होतंस." ते लिहू लागले. "पण एकीला सांगून झालंय. बाकीच्या सुईणींना कोण सांगणार? आपणच." आणि त्यांनी कागद सही करायला डॉक्टर क्वाह यांच्याकडे सरकवला.

जेवायला आम्ही चौघं गेलो. पाचवी हवा माझ्या मांडीवर. एकोणीस फोन तोवर सुरू झाले होते. प्रोफेसरांनी निळा भात दोनदा घेतला.

आता प्रश्न होता, बायकांना विचारायचं कसं. गेल्या दीड महिन्यात घरी गेलेल्या चौऱ्याहत्तर बायकांना इस्पितळाच्या नर्सबायका फोन करणार होत्या. त्यांनाही गट ठाऊक नव्हते. चाचणीच्या कार्यालयाने प्रश्न लिहून पाठवला: 'तुम्ही घरी पारंपरिक उष्ण शेक घेतला का? हो किंवा नाही.' मी तो परत पाठवला. यावर चौऱ्याहत्तर 'नाही' येतील, असं लिहिलं. माझा प्रश्न असा होता: 'तुमची सुईण नदीतला गोटा वापरते की लोखंडाचा? कुठे लावते? लावल्यावर डाग राहिला का? अनेकींना राहतो, म्हणून विचारतो.'

कार्यालयातून उलट विचारणा आली, हे जरा गृहीत धरल्यासारखं नाही का होत? मी लिहिलं, धराच गृहीत. जिने घेतलाच नाही ती हसून नाही म्हणेल. जिने घेतला ती आता नाही म्हणणार नाही. डॉक्टर क्वाहनी खाली एक ओळ जोडली: 'फोन करताना लिहीत आहोत असं सांगू नका. आणि रागावू नका.'

दोन आठवड्यांनी उत्तरं माझ्याकडे आली. चौऱ्याहत्तर बायकांत एक्केचाळीस जणींनी पहिल्या दहा दिवसांत गोटा घेतला होता. अ गटात बावीस, ब गटात एकोणीस. डाग किंवा फोड: अ गटात नऊ. ब गटात एकही नाही. नऊपैकी सहा जणी इस्पितळात गेल्याच नव्हत्या. कोरफड लावून बसल्या होत्या. आता योगायोगाचं प्रमाण हजारात तीनही नव्हतं. नियमाच्या पार पलीकडे. समितीने पाकीट फोडलं. अ म्हणजे नवं औषध. तीन दिवस म्हणत होते, पण उष्णतेच्या बाबतीत काही कुशी आठव्या दिवसापर्यंत बधिर राहत होत्या. दुखणं परत येत होतं, चटका मात्र कळत नव्हता. हे कंपनीलाही ठाऊक नव्हतं, कारण आजवर कोणी सहाव्या दिवशी तापलेला गोटा लावून बघितलेलंच नव्हतं.

त्या दिवशी बैठक फोनवरच झाली. मी हवेला पाजत होते, म्हणून कॅमेरा बंद.

"सरळ आहे," डॉक्टर क्वाह म्हणाल्या. "चाचणी पुढे चालू, आणि घरी जाताना प्रत्येकीला चिठ्ठी. गोटा बंद. अजिबात नाही. लाल अक्षरांत."

"तर त्या घेतील आणि सांगणार नाहीत," मी म्हटलं.

"चटका बसतोय म्हटल्यावरही?"

"तरीही. चटक्यापेक्षा लाज मोठी वाटते आम्हाला, डॉक्टर. बंद म्हणालात तर सुईणीला पण लपवावं लागेल आणि डाग पण. मग पुढच्या तक्त्यात मला शून्य दिसेल, आणि ते शून्य खोटं असेल. मला खरे तीन डाग चालतील. खोटं शून्य नको."

"मग काय लिहायचं?"

"चिठ्ठी बाळंतिणीला नाही. सुईणीला लिहायची. 'या बाईच्या पोटाला इंजेक्शनने बधिरपणा आहे. तिला गरम कळत नाही. तिला विचारून गोटा ठेवू नका. दहा दिवसांनंतर शेक द्या, तोही आधी तिच्या दंडाला लावून.' दंड बधिर नसतो."

प्रोफेसर म्हणाले, "चाळीस वर्षं मी दुखणं बंद करण्याचा पगार घेतला. दुखण्याने एवढं काम होतं हे मला कोणी सांगितलं नव्हतं." आणि मग, "सुईण असंच लिहायचं? की पारंपरिक आरोग्यसेविका?"

"सुईण लिहा," डॉक्टर क्वाह म्हणाल्या. "नाहीतर त्यांना वाटेल दुसऱ्याच कोणाला लिहिलंय."

चिठ्ठी गेली. चाचणी पुन्हा सुरू झाली. पुढच्या तिमाहीत अ गटात अठ्ठ्याण्णव नव्या बायका आल्या आणि गोल डाग आला एक, तोही फिकट. बाईने स्वतःहून फोन करून सांगितलेला. दुसऱ्या दिवसाची वेदना पुन्हा दोन आणि पाच. मी तो तक्ता दोनदा तपासला, तिसऱ्यांदा तपासायची गरज वाटली नाही.

त्याच बैठकीत कार्यालयाने एक पत्र समोर ठेवलं. अलोर स्तारच्या अकरा सुईणींनी मिळून लिहिलेलं, कोणाच्या तरी शाळेत जाणाऱ्या नातीच्या अक्षरात. खाली अकरा अंगठे आणि सह्या. त्यांचं म्हणणं होतं, चिठ्ठी मिळाली, वाचून घेतली, दंडाची गोष्ट पटली, आम्हीही तसंच करतो आता. पण दहा दिवस फार होतात. तोवर बाळंतिणीच्या पोटात थंडी शिरते. समितीने आठ करावेत.

"पंचवीस वर्षं मी अशा समित्यांवर आहे," प्रोफेसर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात लग्नघरातला आनंद होता. "आमचा कागद कोणीतरी वाचून उलट उत्तर पाठवलं असं पहिल्यांदा झालं! काय म्हणतेस सुराया, द्यायचे का आठ? म्हाताऱ्या एवढं म्हणतायत."

मी यादी उघडली. शेवटचा डाग आठव्या दिवशीचा होता. एकच होता, पण होता.

"नाही," मी म्हटलं. "आठव्या दिवशी एका बाईला कळलं नव्हतं. दहाच."

"कळवायचं कोणी त्यांना?"

"मी लिहिते. कारणासकट लिहिते. आकडा दिला तर त्या ऐकतील. अकरा जणी मिळून विचारतायत म्हणजे त्यांना आकडाच हवा आहे."

"पोटातल्या थंडीचं काय लिहिशील?" डॉक्टर क्वाहनी विचारलं. चिडवत होत्या की खरंच विचारत होत्या, मला कळलं नाही.

"पायांना शेक द्या म्हणून लिहिते. पाय बधिर नाहीत."

डॉक्टर क्वाह हसल्या. प्रोफेसरांनी चाचणी पुढे चालू ठेवण्याचा ठराव वाचला, आम्ही तिघांनी हो म्हटलं, आणि मी सुईणींना पत्र लिहायला घेतलं.